साय काढणाऱ्या यंत्रातून जहाजाच्या इंजिनरूममध्ये

मालवाहू जहाजाचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं तर धक्का मारायला कोणी नसतं. म्हणून इंजिनात जाणारं जाड, काळं इंधन आधी प्युरिफायरमधून काढतात. या यंत्राचं मूळ दुधात आहे, आणि त्यामागचा माणूस मला आजच्या स्टार्टअपवाल्यांचा पणजोबा वाटतो.

गुस्ताफ द लावाल १८४५ साली स्वीडनमध्ये ओर्सा इथे जन्मला. उप्साला विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. तेव्हा साय वर यायला दूध तासन्‌तास ठेवून द्यावं लागे. यानं ते भांड्यात गरगर फिरवलं. जड दूध कडेला, हलकी साय मध्ये! १८७८ मध्ये पेटंट, १८८३ मध्ये ऑस्कर लामबरोबर कंपनी. इंधनातलं पाणी आणि गाळ याच पद्धतीने कडेला जातात. फक्त इंधन आधी ९८ अंशांपर्यंत तापवून पातळ करतात.

मला त्याचं सर्वात आवडतं काम वेगळंच आहे. त्याची वाफेची टर्बाइन मिनिटाला ३०,००० फेरे घ्यायची. एवढ्या वेगात तोल जरा ढळला तरी सगळं थरथरतं. आपण म्हणू, दांडा जाड करा. त्यानं बारीक, लवचिक केला! एक ठरावीक वेग ओलांडला की चाक आपला मध्य आपणच शोधतं आणि शांत होतं.

प्युरिफायरच्या दांड्यालाही वरच्या बेअरिंगपाशी स्प्रिंगा असतात, त्या याच कारणासाठी. म्हणूनच थरथर वाढली की इंजिनियर आधी बघतो: बाउलमध्ये गाळ एकाच बाजूला चिकटलाय का, स्प्रिंगा थकल्यात का, की सफाईनंतर दुसऱ्या मशीनचा भाग बसवलाय? प्रत्येक बाउलचा तोल त्याच्याच भागांसह साधलेला असतो, त्यामुळे अदलाबदल चालत नाही. पाण्याच्या वाटेने तेल येऊ लागलं, तर तापमान कमी, प्रवाह जास्त किंवा ग्रॅव्हिटी डिस्क मोठी, यातलं काहीतरी असतं. सफाई किती तासांनी करायची हे ठरलेलं असतं. ती पुढे ढकलली, तर रिफायनरीतून आलेले ॲल्युमिनियम-सिलिकॉनचे कण इंजिनाचे लायनर घासून टाकतात.

लावालने डझनावारी कंपन्या काढल्या, पैसा मात्र टिकला नाही. १९१३ मध्ये तो गेला, तेव्हा हाती फारसं काही उरलं नव्हतं. १८८९ मध्ये त्याच्या कंपनीने जर्मनीच्या बेख्टोल्सहाइमकडून अल्फा डिस्कचं पेटंट घेतलं होतं. ते नाव आणि लावालचं नाव जोडून १९६३ मध्ये कंपनी अल्फा लावाल झाली. जहाजावरच्या कितीतरी प्युरिफायरवर आज तेच नाव दिसतं.