बचावाचा बॅरिस्टर : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

भगवान महावीरांच्या अनेकान्त विचाराने भारतीय मनाला एक मोठी शिकवण दिली. सत्याला अनेक बाजू असतात, म्हणून दुसऱ्याची बाजू ऐकल्यावाचून निर्णय करू नये. न्यायालयात हीच शिकवण बचाव पक्षाच्या वकिलाच्या रूपाने उभी असते. समाजाने ज्याच्याकडे पाठ फिरवली, त्याचीही बाजू मांडणे हे त्याचे कर्तव्य होय. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर सर्वांना वंदनीय आहेत. परंतु त्यांच्या वकिलीचा अध्याय तितकासा परिचित नाही, आणि त्या अध्यायावाचून घटनेतील काही कलमांचे मर्म पुरते उमगत नाही.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अध्ययन केले आणि १९१६ मध्ये लंडनच्या ग्रेज इन या संस्थेत कायद्याच्या अभ्यासासाठी नाव दाखल केले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी काटकसरीने पैसा साठविला. राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. २८ जून १९२२ रोजी ते बॅरिस्टर झाले. स्वदेशी परतल्यावर वकिलीची सनद घेण्यापुरतेही पैसे जवळ नव्हते. तेव्हाही भथेनाच धावून आले आणि १९२३ च्या जुलैमध्ये मुंबईत वकिलीला प्रारंभ झाला.

हा प्रारंभ सुखाचा नव्हता. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत त्या काळी बॅरिस्टरकडे काम येत असे ते सॉलिसिटरच्या हातून. अस्पृश्य समाजातील बॅरिस्टरला काम देण्यास सॉलिसिटर मंडळी कचरत असत. त्यामुळे अपिलाच्या शाखेवर आणि जिल्हा न्यायालयांतील खटल्यांवर त्यांना विसंबावे लागले. प्रपंच चालावा म्हणून १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या हिशेबशिक्षण संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत. परळच्या दामोदर हॉलमधील त्यांच्या कचेरीत गोरगरीब गाऱ्हाणी घेऊन येत. त्यांच्यासाठी ती कचेरी सदैव उघडी असे.

त्यांच्या फौजदारी वकिलीचा लौकिक झाला तो १९२६ मधील पुण्याच्या खटल्याने. दिनकरराव जवळकर यांनी ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकात लोकमान्य टिळक व विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर अत्यंत जहाल टीका केली होती. लेखक जवळकर, प्रकाशक केशवराव जेधे, प्रस्तावना लिहिणारे केशवराव बागडे आणि मुद्रक लाड यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला गेला. खालच्या न्यायालयाने त्यांना तुरुंगवासाची शिक्षा दिली. अपिलात बाबासाहेब आरोपींच्या बाजूने उभे राहिले. फिर्यादी पक्षाकडे पुण्याचे नामांकित वकील ल. ब. भोपटकर होते.

पुस्तकाची भाषा सौम्य होती, असा बचाव टिकणारा नव्हता. बाबासाहेबांनी कायद्याचे नेमके स्थान हेरले. मृत व्यक्तीवरील आरोप अब्रुनुकसानी ठरतो तो तिच्या कुटुंबीयांच्या किंवा निकटच्या नातलगांच्या भावना दुखविण्याचा हेतू असेल तर. येथे फिर्यादी होता चिपळूणकरांचा दूरचा नातेवाईक. मग फिर्याद करण्याचा अधिकार त्याला पोहोचतो काय, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. ऑक्टोबर १९२६ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींची मुक्तता केली.

अशिलाची बाजू घेणे म्हणजे त्याची सर्व मते स्वीकारणे नव्हे, हेही त्यांनी लवकरच दाखवून दिले. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला पाठिंबा देताना याच जेधे-जवळकरांनी, त्यात ब्राह्मणांना स्थान असू नये, अशी अट घातली. बाबासाहेबांनी ती स्पष्टपणे नाकारली. त्यांचा विरोध ब्राह्मण्याच्या वृत्तीला होता, ब्राह्मण व्यक्तींना नव्हता.

त्याच महाडमध्ये ते स्वतः प्रतिवादी झाले. १२ डिसेंबर १९२७ रोजी काही रहिवाशांनी त्यांच्यावर दावा लावला आणि न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. हजारो सत्याग्रही जमले असतानाही, हुकूम मोडण्याऐवजी न्यायालयात लढण्याचा मार्ग स्वीकारला गेला. महाड, ठाणे व मुंबई अशा तिन्ही पायऱ्या चढून १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. सुमारे दहा वर्षांचा हा संयम सामान्य नव्हे.

प्रत्येक खटल्यात यश आले असेही नाही. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा आरोप आला, तेव्हा १९३४ मध्ये बाबासाहेबांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. संततिनियमनाचा उच्चार करणेही त्या काळी निंद्य मानले जाई. वाचकांच्या शंकांना शास्त्रीय उत्तर देणे हा गुन्हा नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. न्यायालयाला ती पटली नाही व कर्वे यांना दोनशे रुपये दंड झाला. परंतु एकाकी माणसाच्या शेजारी उभे राहण्याचे कर्तव्य वकिलाने पार पाडले होते.

हा सारा अनुभव घटना समितीत फळास आला. अटकेतील व्यक्तीला पुरेसे संरक्षण नाही, अशी टीका मसुद्यावर होत होती. ती उणीव मान्य करून १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी नवे कलम मांडले. तेच आजचे बाविसावे कलम. अटकेचे कारण आरोपीला सांगितले पाहिजे, त्याला आपल्या पसंतीचा वकील घेता आला पाहिजे आणि चोवीस तासांत त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले पाहिजे, ही त्यातील मुख्य तत्त्वे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झाला होता. २६ जानेवारी १९५० पासून मुदखेडसारख्या गावातील अतिसामान्य माणसालाही हा अधिकार लाभला.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. आजही एखाद्या भयंकर गुन्ह्यानंतर, आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये, असे ठराव वकील संघटना करतात. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदेशीर ठरविले. गुन्हा सिद्ध झाल्यास शिक्षा अवश्य व्हावी, परंतु ती बाजू ऐकून घेतल्यानंतरच. संतापाच्या क्षणी हे स्मरणे कठीण असते. म्हणूनच ते घटनेत लिहून ठेवणाऱ्या या थोर विधिज्ञाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.