नारायण वामन टिळक : दीक्षा आणि दरबार

जबलपूरच्या चेरीताल वस्तीत राहून मराठी वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्याला एका अपुऱ्या राहिलेल्या प्रयोगाची आठवण वारंवार होते. 1899 मध्ये ब्रह्मबांधव उपाध्याय या बंगाली ख्रिस्ती संन्याशाने याच शहरानजीक, नर्मदेच्या काठी, एक मठ स्थापण्याचा उपक्रम केला. भगवी वस्त्रे, भिक्षा, वेदान्ताचे अध्ययन आणि ख्रिस्ताची उपासना यांचा मेळ तेथे घातला जावयाचा होता. रोमन कॅथलिक धर्माधिकाऱ्यांनी संमती नाकारली आणि मठ अल्पावधीतच बंद पडला. उपाध्यायांचा जन्म 1861 चा. त्याच वर्षी कोकणात जन्मलेल्या एका मराठी कवीने पुढे अठरा वर्षांनी, वेगळ्या पंथात आणि वेगळ्या मार्गाने, जवळजवळ तेच स्वप्न पाहिले. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे ते कवी होत. फुलामुलांचे कवी म्हणून ते मराठी वाचकाला ठाऊक आहेत. ईश्वराला शरण जाणे याचा अर्थ त्यांनी आयुष्यभर कसा शोधला, हे मात्र पाठ्यपुस्तकांतील कवितांवरून कळत नाही.

6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे त्यांचा जन्म झाला. वडिलांचा स्वभाव कडक, आई भाविक आणि कवितेची गोडी असलेली. 1873 मध्ये आई वारली आणि घराशी असलेला त्यांचा खरा धागा तुटला. नाशिकला येऊन त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. पदवी नव्हती, स्थिर नोकरी नव्हती. गावोगाव फिरणे, कीर्तने-व्याख्याने करणे, शिकवणे, मध्येच सारे सोडून निघून जाणे हा क्रम पुष्कळ वर्षे चालला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका बालवयातच त्यांच्याशी विवाहबद्ध होऊन लक्ष्मी टिळक झाली. टिळकांच्या या भटकंतीला काही चरित्रकारांनी सत्यशोधनाचे नाव दिले आहे. तो अर्थ मागाहून लावलेला आहे असे मला वाटते. त्या काळातील टिळक अस्वस्थ, तापट आणि उदार होते, आणि या तिन्ही गुणांचा भार घरातील माणसांवर पडत होता, एवढेच निश्चितपणे म्हणता येते.

नागपूरला आल्यावर त्यांना श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांचा आश्रय लाभला. बुटींना संस्कृत ग्रंथांचा व्यासंग होता; त्यांच्या संग्रहाचे काम करीत असतानाच टिळकांनी धर्मविषयक चर्चेला वाहिलेले 'ऋषि' हे मासिक चालविले. जातिभेद आणि मूर्तिपूजा यांवरील त्यांची श्रद्धा तोवर ढळली होती. ईश्वर सर्वांचा पिता, माणसे परस्परांची भावंडे, अशा काही तत्त्वांवर हिंदुस्थानासाठी एखादा नवा धर्म उभारावा असा विचार त्यांच्या मनात घोळत होता. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जो माणूस धर्म रचू पाहतो तो कोणाला शरण गेलेला नसतो. रचनाकार तोच असतो. टिळकांच्या आयुष्यातील पुढचे वळण केवळ मतांचे नव्हते. धर्म आपण घडवायचा की आपणच घडविले जायचे, असा तो प्रश्न होता.

तो प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला आगगाडीच्या डब्यात. 1893 मध्ये नोकरीच्या निमित्ताने ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. राजनांदगाव हे त्या काळी मध्यप्रांतातील एक लहान संस्थान होते. नागपूर ही ज्याची राजधानी आणि जबलपूर हे ज्याचे उत्तरेकडील प्रमुख शहर, त्या प्रांतात मराठीचा पैस पूर्वेकडे विरळ होत जातो. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी होते. त्यांनी सौजन्याने संभाषण केले, काव्याविषयी आणि धर्माविषयी विचारपूस केली, आणि उतरण्यापूर्वी नव्या कराराची एक प्रत टिळकांना दिली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्यांनी केले. टिळकांना त्या वेळी ते हास्यास्पद वाटले. ग्रंथ वाचण्याचे वचन मात्र त्यांनी पाळले. संस्कृत पंडिताच्या शिस्तीने, खुणा करीत, ते वाचू लागले आणि मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायापाशी, म्हणजे डोंगरावरील प्रवचनापाशी, येऊन थबकले. आपण ज्या धर्माची तत्त्वे कागदावर मांडीत होतो त्याहून खोल असे काहीतरी येथे अगोदरच जगले गेले आहे, अशी त्यांची भावना झाली. मग ख्रिस्ती मंडळींशी टोपणनावाने पत्रव्यवहार, आप्तांची भीती आणि स्वतःशीच चाललेला झगडा यांत बराच काळ गेला.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस, अमेरिकन मराठी मिशनच्या भेंडीबाजारातील मंदिरात, त्यांचा बाप्तिस्मा झाला. गोऱ्या मिशनऱ्याऐवजी रेव्हरंड तुकाराम नथोजी या एतद्देशीय पाळकाच्या हातून त्यांनी तो मुद्दाम घेतला. त्यांच्या पुढील भूमिकेचे बीज या निवडीत आहे. वॉर्ड यांच्या भाकिताची मुदतही जवळजवळ तेव्हाच पुरी होत होती.

धर्मांतरकथांचा प्रघात असा की, दीक्षेपाशी कथा शिखर गाठते आणि उरलेले आयुष्य उपसंहारात जाते. मराठी ख्रिस्ती चरित्रे पाहिली तर हा प्रघात किती अपुरा आहे ते दिसून येते. नीळकंठशास्त्री गोऱ्हे 1848 मध्ये जौनपूरला ख्रिस्ती झाले, पण संशयाने त्यांची पाठ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे दीक्षा घेतली. तथापि धर्म स्वीकारणे आणि ख्रिस्ताला सर्वस्व देणे यांत काही वर्षांचे अंतर पडले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. टिळकांच्या बाबतीत हे अंतर बावीस वर्षांचे आहे.

1895 च्या त्या दिवसाचे मोल कोणी दिले, हेही पाहिले पाहिजे. टिळकांनी सोडली ती जात मनाने त्यांनी आधीच सोडली होती. लक्ष्मीबाईंनी काहीच सोडले नव्हते, आणि त्यांचे मात्र सारे गेले. माहेरी पराकोटीचे सोवळे पाहिलेली, पदरी लहान दत्तू असलेली ही स्त्री पती जिवंत असताना पतीवाचून झाली. आप्तांच्या आश्रयाने, काही काळ पंढरपुरास, तिने ती वर्षे काढली. टिळकांनी दुसऱ्या विवाहाचा विचार मनात येऊ दिला नाही. पत्नीला आणि मुलाला ते पत्रे लिहीत राहिले, आणि विरहाच्या कविताही. जवळजवळ पाच वर्षांनी त्या परत आल्या, त्याही आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवूनच. टिळकांनी सक्ती केली नाही. मग एकदा विचार करता करता जातिभेद माणसांनी निर्माण केलेला आहे, ईश्वराने नव्हे, असा उजेड त्यांच्या मनात आपोआप पडला, आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त हा सर्व भाग त्यांनी ज्या निर्वैर विनोदाने सांगितला आहे, त्यामुळे वाचक हसतो आणि हिशेब विसरतो. समर्पणावर लिहिणाऱ्याला तो हिशेब विसरता येणार नाही. एकाने ईश्वराला वाहिलेले आयुष्य बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी आयुष्याला बांधलेले असते, आणि त्या दुसऱ्याला कोणी विचारलेले नसते.

पुढील दोन दशके अहमदनगर हे टिळकांचे केंद्र राहिले. ख्रिस्ती पाळकांच्या विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, 1912 पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. घरात अनाथ मुले, विद्यार्थी, पाहुणे यांची वर्दळ असे. काही काळ बालकवी ठोमरेही त्यांच्या कुटुंबात वाढले. पैसा टिकत नसे, कारण हातात आलेले देऊन टाकण्याची टिळकांना सवय होती, आणि चुलीची काळजी अर्थातच लक्ष्मीबाईंकडे.

या काळातील त्यांचे मोठे कार्य उपासनेच्या भाषेचे आहे. मराठी ख्रिस्ती मंडळी तोवर बव्हंशी इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे परक्या चालींवर गात असे. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा टिळकांच्या पूर्वी सुरू झाली होती, हे खरे. परंतु अभंगाला ख्रिस्तभक्तीचे स्वाभाविक वाहन केले ते टिळकांनी. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातील फार मोठा वाटा त्यांचा आहे, आणि 'अभंगांजली'त त्यांची आत्मनिष्ठ भक्ती सर्वांत मोकळेपणी उमटली आहे. येथे तौलनिक अभ्यासकाला थोडे थांबावे लागते. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात देहासकट सारे जगणे हेच अर्पण मानले आहे; ते अर्पण वेदीवर एकदा होऊन संपत नाही, रोजच्या जगण्यात चालू राहते. आपल्याकडील नवविधा भक्तीत आत्मनिवेदन हे शेवटचे स्थान, आणि तुकारामांच्या अभंगांत शरणागती ही तर नित्याची भांडणे आणि विनवण्या यांतून पुनःपुन्हा मिळवावी लागणारी अवस्था आहे. टिळकांनी या दोहोंचा सांधा जुळविला. ख्रिस्तापर्यंत पोहोचण्यात तुकारामांचे ऋण किती मोठे आहे, हे ते उघडपणे सांगत. बाबा पदमनजींच्या पिढीला जुना धर्म खोटा ठरविल्यावाचून नवा खरा ठरविता येत नव्हता. टिळकांना ती गरज उरली नव्हती. त्यांच्या अभंगांतील ख्रिस्त माउली आहे, गुरू आहे, सखा आहे; भक्त त्याच्याशी लडिवाळपणे बोलतो आणि रुसतोही. काही ख्रिस्ती वाचकांना यात वारकरीपणा जास्त वाटला, तर हिंदू वाचकांनी निसर्गकविता उचलून अभंग बाजूला ठेवले.

या समाधानाच्या पृष्ठभागाखाली एक सल होता. मिशनचा पगार हा तो सल. परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थेत एतद्देशीय ख्रिस्ती माणूस कायमचा हाताखालचा राहतो, मिशनरी त्याला मूल समजून वागवितात आणि हिंदू बांधव त्याला परक्यांचा नोकर समजतात, हे टिळक अनेक वर्षे बोलत होते. पण बोलणारे स्वतः पगारी होते. 1917 मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षात, त्यांनी हा विसंवाद संपविला. मिशनच्या नोकरीचा राजीनामा देऊन त्यांनी संन्यास पत्करला आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' सुरू केला.

माझ्या मते टिळकांच्या आयुष्यातील अवघड समर्पण हे. 1895 मध्ये त्यांनी टाकले ते त्यांना नकोसे झालेले होते. 1917 मध्ये टाकले ते त्यांनी स्वतः मिळविलेले होते: मान, स्थैर्य, संस्थेचे छत्र. प्रकृतीही त्या वेळी चांगली राहिली नव्हती. हा संन्यास घर सोडून जाणाऱ्याचा नव्हता. पत्नी आणि मुले यांच्यात राहूनच, स्वामित्व आणि नियमित उत्पन्न सोडून, ख्रिस्ताच्या कार्याला उरलेला काळ द्यावयाचा होता. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने मात्र पुन्हा एकदा अन्न कोठून येणार हा प्रश्न उभा राहिला. बावीस वर्षांपूर्वीच्या आणि या प्रसंगात फरक एवढाच, आणि तो लहान नव्हे, की या वेळी त्या दूर फेकल्या गेल्या नाहीत. कुरकुरत, थट्टा करीत, पण समजून त्या बरोबर होत्या.

दरबाराची कल्पना धीट होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामावले जावयाचे होते. जात, पंथ, मिशन यांच्या भिंती तेथे नसाव्यात, ख्रिस्ताचे राज्य या देशाच्या मातीत या देशाच्या पद्धतीने यावे, अशी त्यांची आकांक्षा होती. बाप्तिस्म्याची अट सैल केली तर मंडळीला अर्थ काय उरतो, ही त्यावरची शंका दुर्लक्षणीय नव्हती. ज्याने स्वतः त्या एका संस्कारासाठी कुटुंब पणाला लावले, त्यानेच तो इतरांसाठी ऐच्छिक ठरवावा, यात विसंगती दिसते खरी. परंतु आपण दिलेली किंमत दुसऱ्या कोणाच्या लक्ष्मीला द्यावी लागू नये, असेही त्यांच्या मनात असू शकेल. हा माझा तर्क आहे. त्याला टिळकांच्या लेखनाचा आधार मी देऊ शकत नाही.

दरबाराला दोन वर्षेही पुरती मिळाली नाहीत. 9 मे 1919 रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळकांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे, ख्रिस्ती रिवाज सोडून, त्यांचा देह अग्नीला देण्यात आला आणि अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या. 1907 मध्ये कलकत्त्यास राजद्रोहाच्या खटल्यात अडकलेल्या स्थितीत वारलेल्या ब्रह्मबांधवांच्या देहावरही हिंदू पद्धतीने दहनसंस्कार झाला होता. नर्मदाकाठचा मठ आणि साताऱ्याचा दरबार यांपैकी एकही संस्थापकामागे टिकला नाही.

टिळकांच्या मागे एक काम मात्र अर्धवट पडून होते. फादर स्टीफन्स यांच्या 1616 च्या 'क्रिस्तपुराणा'नंतर येशूचे समग्र चरित्र ओवीत सांगण्याची उमेद धरून त्यांनी 1909 मध्ये 'ख्रिस्तायन' आरंभिले होते. सुमारे अकरा अध्याय होऊन ते थांबले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आणि टिळकांकडून अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले. 'स्मृतिचित्रे'चे भाग प्रसिद्ध होऊ लागले, कीर्ती आली, प्रकृती खालावली, तरी ओवी चालूच राहिली. साठांहून अधिक अध्याय त्यांनी रचले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या वारल्या. शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्ताने, लिहिला आणि 1938 मध्ये ग्रंथ छापून बाहेर आला.