अंडाशय आणि स्तनाची गाठ: डॉ. जॉर्ज बीटसन यांनी शोधलेला संबंध

स्तनाच्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट हातात आला की नातेवाईक सर्वात आधी स्टेज विचारतात. त्याच रिपोर्टमध्ये खाली ईआर आणि पीआर अशा दोन ओळी असतात, तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पुढची पाच-दहा वर्षे कोणते औषध घ्यायचे, हे मात्र बऱ्याच अंशी त्या ओळींवरून ठरते. त्यांची सुरुवात एका स्कॉटिश सर्जनपासून झाली.

जॉर्ज बीटसन यांचा जन्म १८४८ सालचा, श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीचा. वडील ब्रिटिश लष्करात डॉक्टर होते. शिक्षण केंब्रिज आणि एडिंबरा येथे झाले. तरुणपणी एका मनोरुग्ण गृहस्थाची देखभाल करण्यासाठी ते काही काळ स्कॉटलंडच्या खेड्यात राहिले. हाताशी वेळ होता आणि शेजारी मेंढ्या होत्या. कोकरे दूध सोडतात तेव्हा मेंढीच्या शरीरात काय होते, हे ते पाहू लागले आणि एम.डी.च्या प्रबंधासाठी त्यांनी दूध येण्याची प्रक्रिया हाच विषय घेतला. काही देशांत गाय व्यायल्यावर तिचे अंडाशय काढतात, म्हणजे ती जास्त काळ दूध देते, हेही त्यांना कळले. स्तन आणि अंडाशय शरीरात एकमेकांपासून इतके दूर, तरी एकाचा दुसऱ्यावर ताबा! हार्मोन हा शब्द वापरात यायला अजून बरीच वर्षे होती.

जून १८९५ मध्ये ग्लासगोच्या कॅन्सर हॉस्पिटलात त्यांच्याकडे ३३ वर्षांची एक स्त्री होती. स्तन आधीच काढलेला, पण आजार छातीवर पुन्हा पसरलेला आणि तो कापून काढणे अशक्य. बीटसन यांनी तिचे दोन्ही अंडाशय काढले. आठ महिन्यांत गाठी दिसेनाशा झाल्या. आजार पुढे उलटला, तरी ती जवळजवळ चार वर्षे जगली. १८९६ मध्ये त्यांनी ही माहिती लॅन्सेटमध्ये छापली.

मग इतर सर्जनही हे ऑपरेशन करू लागले. १९०० साली लंडनच्या स्टॅन्ली बॉइड यांनी अशा ५४ स्त्रियांची माहिती एकत्र केली, तेव्हा स्पष्ट फायदा झालेल्या सुमारे एक तृतीयांशच निघाल्या. बाकीच्यांनी पोटाचे ऑपरेशन सोसले, अकाली पाळी गेली, आणि हाती काही लागले नाही. कोणाला गुण येईल हे आधी सांगायची सोयच नव्हती. बीटसन १९३३ मध्ये वारले, तोवरही ती नव्हती.

शिकागोचे एल्वूड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती वाट दाखवली. इस्ट्रोजेन हे हार्मोन धरून ठेवणारे प्रथिन काही पेशींत असते, असे त्यांना आढळले. हेच रिसेप्टर. कुलूप-किल्लीसारखे समजा: कुलूपच नसेल तर किल्ली काढून घेऊन उपयोग काय?

आता तुमचा रिपोर्ट पाहा. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर. गाठीच्या किमान १ टक्का पेशींत ते सापडले तर पॉझिटिव्ह लिहितात. १ ते १० टक्के असेल तर मात्र गोळ्यांचा फायदा किती होईल याची खात्री कमी. इथे पॉझिटिव्ह शब्दाने घाबरू नका. अशी गाठ बहुधा सावकाश वाढते आणि पहिल्या पाच वर्षांत ती उलटण्याचा धोका निगेटिव्ह गाठीपेक्षा कमी असतो.

पण तो धोका पाच वर्षांनंतरही संपत नाही, थोडा थोडा चालूच राहतो. माझ्याकडे येणाऱ्या काही जणी बरे वाटते म्हणून दोन वर्षांतच गोळी सोडतात, तेव्हा मला ही काळजी वाटते. पॉझिटिव्ह गाठीत पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने पुढच्या पंधरा वर्षांतले या आजाराचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. गाठ निगेटिव्ह असेल तर ही गोळी उपयोगाची नाही. तिथे केमोथेरपीसारखे इतर उपचार असतात.

पाळी चालू असलेल्या, जास्त धोक्याच्या काही स्त्रियांमध्ये आजही अंडाशयांचे काम थांबवतात, बहुतेकदा इंजेक्शनने. अंगातून वाफा येणे किंवा सांधे दुखणे असह्य झाले तर गोळी परस्पर बंद करू नका. कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा, गोळी बदलून देता येते. आजार पुन्हा दिसला, तर शक्य असल्यास नव्या गाठीचा तुकडा काढून ईआर-पीआर परत तपासायला सांगा, कारण ते कधीकधी बदललेले असतात.