छोट्या मोटारीचे शिल्पकार

मुलांनो, रस्त्यावरून धावणाऱ्या लहान मोटारी तुम्ही रोज पाहता. त्यांच्या पुढच्या झाकणाखाली इंजिन कसे बसवलेले असते, हे कधी वाकून पाहिले आहे का? बहुतेक लहान मोटारींत ते आडवे असते. ही रीत जगभर रूढ करणाऱ्या अलेक इसिगोनिस यांची ओळख आज आपण करून घेऊ.

अलेक यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०६ रोजी तुर्कस्तानातील स्मर्ना शहरात झाला. या शहराला आज इझमीर म्हणतात. त्यांचे वडील ग्रीक वंशाचे, पण ब्रिटिश नागरिक होते. त्यांचा जहाजांच्या यंत्रांचा कारखाना होता. १९२२ मध्ये युद्धामुळे या कुटुंबाला शहर सोडावे लागले. घर आणि कारखाना मागे टाकून सर्वजण ब्रिटिश जहाजाने माल्टा बेटावर आले. तेथेच वडील वारले. पुढच्या वर्षी आई आणि अलेक इंग्लंडला गेले.

लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये अलेक यंत्रशास्त्र शिकू लागले. त्यांचा चित्रकलेत हात चांगला होता. गणित मात्र कच्चे होते. गणिताच्या परीक्षेत ते तीन वेळा नापास झाले! तरी त्यांनी जिद्द सोडली नाही. पदविका मिळवली, नोकरी धरली आणि फावल्या वेळात जॉर्ज डाऊसन या मित्राबरोबर शर्यतीची एक हलकी मोटार स्वतःच्या हातांनी तयार केली. १९४८ मध्ये त्यांनी आखलेली मॉरिस मायनर ही मोटार बाजारात आली आणि त्यांचे नाव झाले.

१९५६ मध्ये सुएझ कालव्याचा संघर्ष पेटला. इंग्लंडमध्ये पेट्रोलची टंचाई झाली. तेव्हा कंपनीचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांनी इसिगोनिस यांच्यावर एक अवघड काम सोपवले. मोटार अगदी लहान हवी, पेट्रोल कमी लागले पाहिजे आणि इंजिन कंपनीकडे आहे तेच वापरायचे!

इसिगोनिस यांनी कागदावर चित्रे काढून विचार सुरू केला. त्या काळी बहुतेक मोटारींत इंजिन उभे असे आणि ते मागची चाके फिरवी. त्यांनी इंजिन आडवे ठेवले, गिअर त्याच्या खाली बसवले आणि पुढची चाके फिरवली. चाकेही लहान, दहा इंची घेतली व चार कोपऱ्यांत लावली. त्यामुळे फक्त दहा फूट लांबीच्या मोटारीत चार माणसे बसू लागली. हीच १९५९ ची मिनी!

शर्यतीच्या मोटारी बनवणारे जॉन कूपर यांना या छोट्या गाडीत मोठे बळ दिसले. इसिगोनिस यांनी ती सामान्य कुटुंबासाठी बनवली होती. तिला शर्यतीत उतरवण्याची कल्पना त्यांना सुरुवातीला रुचली नाही. तरीही १९६१ मध्ये अधिक शक्तीची मिनी कूपर तयार झाली.

मॉन्टे कार्लोची रॅली म्हणजे आल्प्स पर्वतातील बर्फाळ, वळणांच्या घाटांतून, रात्री-अपरात्री मोटार हाकण्याची कसोटी. १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्क यांनी मिनी कूपरने ती जिंकली. मोठमोठ्या मोटारी मागे पडल्या! याचे कारण काय? इंजिनाचा भार पुढच्या चाकांवर होता आणि तीच चाके गाडी ओढत होती. त्यामुळे निसरड्या रस्त्यावर तिची पकड सुटत नसे. जागा वाचवण्यासाठी केलेली युक्ती घाटातही कामी आली.

१९६५ मध्येही मिनीच जिंकली. १९६६ मध्ये पहिले तीन क्रमांक मिनींनी पटकावले. पण दिव्यांच्या नियमावर बोट ठेवून पंचांनी तिन्ही गाड्या बाद केल्या. मिनीचे चालक निराश झाले नाहीत. १९६७ मध्ये ते परत आले आणि जिंकले.

१९६९ मध्ये इसिगोनिस यांना 'सर' हा किताब मिळाला. २ ऑक्टोबर १९८८ रोजी त्यांचे निधन झाले. २००० सालापर्यंत ५३ लाखांहून अधिक मिनी तयार झाल्या. आपल्या देशात १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चे इंजिनही आडवेच होते.

मुलांनो, गणितात तीनदा नापास झालेल्या, घरदार गमावलेल्या या मुलाने जगाच्या मोटारी बदलल्या. एखाद्या विषयात अपयश आले तर त्याची आठवण ठेवा आणि पुन्हा पुस्तक उघडा.

स्वाध्याय
१. इसिगोनिस कुटुंबाला स्मर्ना का सोडावे लागले?
२. मिनी बर्फाळ घाटात का यशस्वी झाली?
३. वाक्यात उपयोग करा : जिद्द न सोडणे, कामी येणे.