खाणीच्या कचऱ्यातून रेडियम काढणारी मेरी क्युरी

तुमच्या फोनच्या टचस्क्रीनमध्ये इंडियमचं संयुग असतं. हे इंडियम बहुतांश जस्त शुद्ध करताना उरलेल्या मालातून मिळतं. म्हणजे खाण एका धातूची, फायदा दुसऱ्याचाही. या आयडियाचं मला सगळ्यात भारी वाटणारं उदाहरण मेरी क्युरीच्या आयुष्यात आहे.

मेरीचा जन्म १८६७ सालचा, वॉर्सातला. तिथल्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. काही वर्षं लोकांच्या घरी मुलांना शिकवून १८९१ मध्ये तिने पॅरिस गाठलं. १८९५ मध्ये पिएर क्युरीशी लग्न केलं.

पिचब्लेंड हे युरेनियमचं खनिज. मेरीने मोजलं, तर त्याचा किरणोत्सार शुद्ध युरेनियमपेक्षाही जास्त! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा असा हिशोब जुळला नाही, की आत काहीतरी लपलंय हे कळतं. १८९८ मध्ये दोघांनी पोलोनियम आणि रेडियम जाहीर केलं.

पण रेडियम वेगळं काढून दाखवायचं, तर टनावारी पिचब्लेंड हवं, आणि ते महाग. बोहेमियातल्या योआखिमस्टालच्या खाणीत काच रंगवण्यासाठी युरेनियम काढून घ्यायचे आणि उरलेला चोथा पाइनच्या जंगलात टाकायचे. रेडियम त्या चोथ्यातच राहिलं असणार, हे क्युरींनी ओळखलं. ऑस्ट्रिया सरकारने एक टन चोथा फुकट दिला.

गळक्या छपराच्या शेडमध्ये मेरी एका वेळी वीस-वीस किलो माल उकळायची, लोखंडी दांड्याने ढवळायची. रेडियम आणि बेरियमचे रासायनिक गुण जवळपास सारखे, त्यामुळे ते वेगळे करायला स्फटिक पुन्हा पुन्हा बनवावे लागत. १९०२ मध्ये, अनेक टन चोथ्यातून, हाती लागलं ०.१ ग्रॅम रेडियम क्लोराइड.

तिने पेटंट घेतलं नाही. १९०३ आणि १९११ मध्ये नोबेल मिळालं. १९०६ मध्ये पिएर अपघातात गेला, तरी काम चालूच राहिलं. १९३४ मध्ये रक्ताच्या आजाराने तिचा मृत्यू झाला. वर्षानुवर्षांचा किरणोत्सार हे त्याचं कारण मानलं जातं. तिच्या वह्या आजही किरणोत्सारी आहेत.

२०२५ मध्ये भारताने क्रिटिकल मिनरल मिशन मंजूर केलं. त्यात खाणींच्या कचऱ्यातून खनिजं काढण्यावरही भर आहे. चोथ्यात काय मिळेल हे मेरीने मोजलं होतं. त्यात हात घालणाऱ्याला काय सोसावं लागेल, हे तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं. आता माहीत आहे, त्यामुळे दोन्ही मोजायला हवं.