रघुनाथ धोंडो कर्वे : औचित्याची सीमा आणि 'समाजस्वास्थ्य'

रघुनाथ धोंडो कर्वे यांचे चरित्र मराठीत बहुधा खटल्यांच्या अनुषंगाने सांगितले जाते. एक संपादक, त्याचे मासिक, अश्लीलतेचा आरोप, दंड, आणि या सर्वांना पुरून उरलेली त्याची जिद्द, असा त्या कथनाचा ठरीव आकृतिबंध आहे. तो खोटा नाही. परंतु त्यामुळे कर्वे यांच्या वाणीवरील सारे निर्बंध जणू न्यायालयातूनच आले, असा समज दृढ होतो. १९३१ आणि १९३४ या दोन खटल्यांत त्यांना मिळून तीनशे रुपये दंड झाला. नोकरी मात्र त्यांना कोणत्याही न्यायालयाच्या निकालाने गमवावी लागली नाही. जे विचार खाजगीत अनेकांना मान्य होते, ते चारचौघांत उच्चारू नयेत, आणि उच्चारायचेच तर राष्ट्राच्या, आरोग्याच्या किंवा नीतीच्या भाषेत गुंडाळून उच्चारावेत, असा एक अलिखित संकेत त्या काळच्या सुशिक्षित समाजात होता. 'पोलिटिकल करेक्टनेस' ही संज्ञा मराठी चर्चेत पुष्कळ उशिरा आली. पण ती जिचा निर्देश करते ती वृत्ती नवी नव्हती. तिला तेव्हा औचित्य म्हणत. कर्वे यांचा झगडा प्रामुख्याने या औचित्याशी होता.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. वडील धोंडो केशव कर्वे, आई राधाबाई. आई १८९१ मध्ये निवर्तली आणि १८९३ मध्ये वडिलांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचा होता. या विवाहाबद्दल मुरूडच्या ज्ञातिबांधवांनी घातलेला बहिष्कार, गावी गेल्यावर होणारी आईवडिलांची कुचंबणा, हे सारे त्याच्या डोळ्यांसमोर घडले. जे योग्य वाटते ते केल्याबद्दल माणसाला काय द्यावे लागते, याचा पहिला धडा त्याला घरातच मिळाला.

दुसरा धडाही घरातच मिळाला, आणि तो पहिल्याहून गुंतागुंतीचा होता. विधवांच्या शिक्षणासाठी १८९६ मध्ये संस्था सुरू केल्यावर धोंडो केशवांनी विधवाविवाहाच्या चळवळीपासून स्वतःला क्रमशः दूर ठेवले. पुनर्विवाहाचा प्रचारक आणि विधवाश्रमाचा चालक एकच असेल, तर आपल्या मुली आश्रमात पाठवण्यास पालक कचरतील आणि देणगीदार हात आखडता घेतील, हे त्यांनी ओळखले होते. मताला मुरड न घालता उच्चाराला मुरड घालण्याचा हा मार्ग होता. त्यातून हिंगण्याची संस्था वाढली आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. या यशाला कमी लेखता येणार नाही. मौनाची किंमत देऊन काही कामे होतात आणि ती करण्यासारखी असतात, याचे महर्षी कर्वे हे ठळक उदाहरण आहे. मुलाने हा मार्ग नाकारला तो तो अपरिचित होता म्हणून नव्हे. तो जवळून पाहिला होता म्हणून.

शिक्षणात रघुनाथरावांनी चमक दाखवली. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले, फर्गसन महाविद्यालयातून १९०४ मध्ये बी. ए. झाले, आणि गणिताचे अध्यापक म्हणून सरकारी महाविद्यालयांत रुजू झाले. पुढे पॅरिसमध्ये गणिताच्या उच्च अभ्यासासाठी राहण्याचा योग आला. फ्रेंच भाषा आणि वाङ्मय यांची गोडी, तसेच लैंगिक विषयांवरील युरोपीय शास्त्रीय ग्रंथांचा परिचय, ही त्या प्रवासाची खरी मिळकत म्हणावी लागेल. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्र याच वर्षी निघाले होते. पत्नी मालतीबाई या कामात पहिल्यापासून सहभागी होत्या. स्वतःला अपत्य होऊ न देण्याचा निर्णयही दोघांनी विचारपूर्वक घेतला होता.

याच सुमारास ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. १९२३ मध्ये त्यांचे संततिनियमनावरील मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. मिशनरी संस्थेच्या चालकांना हा प्रचार आपल्या प्राध्यापकास शोभणारा वाटला नाही, आणि प्रचार किंवा नोकरी यांतून एकाची निवड करण्याचा प्रसंग आला. १९२५ मध्ये कर्वे यांनी राजीनामा दिला. त्यानंतर त्यांना स्थिर उत्पन्नाची नोकरी लाभली नाही.

या ठिकाणी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाने एक तुलना ध्यानात घ्यावी. जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा पहिला अंक निघाला. त्याच वर्षी ना. सी. फडके यांचा भारतातील लैंगिक प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध झाला. फडकेही महाविद्यालयीन प्राध्यापक, तेही संततिनियमनाचे पुरस्कर्ते. मात्र फडके यांचे प्राध्यापकपद अबाधित राहिले आणि पुढे ते मराठीचे लोकप्रिय कादंबरीकार झाले. व्यक्तींच्या स्वभावातील आणि संस्थांमधील फरक लक्षात घेऊनही या दोन परिणामांतील अंतर उरतेच. त्याची दोन कारणे संभवतात. पहिले भाषेचे. इंग्रजी ग्रंथ ज्यांच्या हाती पडणार ते आधीच अधिकारी वाचक मानले गेले होते. मराठी मासिक कोणाच्याही हाती पडू शकत होते, अगदी घरातील सुनेच्याही. दुसरे कारण युक्तिवादाचे. फडके यांचा ग्रंथ सुप्रजननाच्या चळवळीसाठी केलेले आवाहन होते. सुदृढ प्रजेतून सुदृढ राष्ट्र, ही त्याची चौकट, आणि राष्ट्राच्या नावाने बोलणाऱ्यास तेव्हा बरेच काही बोलता येत होते. कर्वे यांनाही प्रजेच्या गुणवत्तेचा विचार परका नव्हता. तथापि त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा व्यक्तीचे सुख हा होता. स्त्रीला पुरुषाइतकाच कामसुखाचा हक्क आहे, आणि गर्भधारणेची भीती दूर झाल्याखेरीज तो हक्क तिला उपभोगता येणार नाही, हे त्यांचे म्हणणे. याला राष्ट्रहिताचे आवरण नव्हते. म्हणूनच ते अधिक बोचले.

'समाजस्वास्थ्य'ची भाषा हाही स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. कर्वे यांचे गद्य अलंकारहीन, काहीसे रुक्ष. गणिताच्या शिक्षकाने सिद्धता मांडावी तसे एकेक पायरी चढत जाणारे. उपहास भरपूर, पण भावविवशता जवळजवळ नाही. गुप्तरोग, हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण, वेश्याव्यवसाय, नग्नता यांविषयी ते आहारशास्त्राविषयी लिहावे त्याच सुरात लिहितात. आणि त्यांनी आहारशास्त्रावरही पुस्तक लिहिले, हे येथे आठवावे. त्या काळातील मराठी वाचकाला धक्का बसला तो या सपाट सुराचा. शृंगारिक लावणी त्याला परिचित होती, नीतिपर प्रवचनही परिचित होते. या दोहोंपैकी कोणताच सूर नसलेले लैंगिक विषयावरील लेखन मात्र अपरिचित होते. मुखपृष्ठांवरील नग्न स्त्रीचित्रांनी त्यात भर घातली. नग्नतेत लज्जास्पद काही नाही हे दाखवण्याचा संपादकाचा हेतू होता. मासिकाच्या खपालाही ती चित्रे प्रतिकूल नसावीत.

१९३१ मधील खटला व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखामुळे झाला. पातिव्रत्याची कल्पना पुरुषाच्या मालकीहक्कातून निपजली, अशा दिशेचे प्रतिपादन कर्वे सातत्याने करीत असत. त्या काळच्या न्यायालयांपुढे १८६८ च्या हिक्लिन खटल्यातील इंग्लिश कसोटी होती : ज्यांचे मन अशा प्रभावाला सहज बळी पडू शकते त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती लेखनात आहे काय? या कसोटीत वाचकवर्गातील सर्वांत दुर्बल मानला गेलेला वाचक हा लेखनाचे माप ठरतो. औचित्याच्या सामाजिक संकेतामागेही हेच गृहीतक असते. बोलणारा स्वतःसाठी भीत नाही; ज्यांना ऐकणे झेपणार नाही अशा कुणा तिसऱ्यासाठी भीतो, आणि त्या तिसऱ्याला कधीच विचारले जात नाही. कर्वे यांना शंभर रुपये दंड झाला.

१९३४ च्या खटल्यात हा तिसरा मनुष्य जणू स्वतःच न्यायालयासमोर आला, कारण आरोप होता तो वाचकांच्या पत्रांना दिलेल्या उत्तरांवर. प्रश्न विचारणारे सामान्य वाचक होते. आपल्या शरीराविषयी, सवयींविषयी, भीतीविषयी ते लिहीत होते, आणि हे प्रश्न अन्यत्र विचारण्याची त्यांना सोय नव्हती. कर्वे यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. पुणे करारास तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. अस्पृश्यांच्या राजकीय लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या पुढाऱ्याने अशा बदनाम संपादकाच्या बाजूने उभे राहणे सोयीचे नव्हते. आंबेडकरांची मांडणी मूलगामी होती. लैंगिक विषयावरील लेखन केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही. मासिक जर लैंगिक शिक्षणासाठी आहे, तर वाचकांच्या शंकांना उत्तर देणे हे त्याचे कर्तव्यच होय. असले विकृत प्रश्न छापायचेच कशासाठी, या आक्षेपावर त्यांचे उत्तर असे की विकृती असेलच तर ती ज्ञानाने दूर होईल, प्रश्न दडपल्याने नाही. हॅवलॉक एलिससारख्या संशोधकांच्या ग्रंथांचा आधारही त्यांनी दिला. युक्तिवाद मान्य झाला नाही. २४ एप्रिल १९३४ रोजी दोनशे रुपये दंडाची शिक्षा झाली.

आंबेडकरांचे हे साहाय्य उठून दिसते ते इतरांच्या मौनामुळे. संततिनियमन आचरणात आणणारी कुटुंबे मुंबई-पुण्यात होती, पण त्याचा जाहीर पुरस्कार करणारी नावे थोडी. गांधीजींचा कृत्रिम साधनांना असलेला विरोध सर्वश्रुत होता, आणि गांधीजींच्या ब्रह्मचर्यविचारावर टीका करणे म्हणजे राष्ट्रीय चळवळीवर टीका करणे, असे समीकरण रूढ झाले होते. कर्वे यांनी ती टीका केली. सनातन्यांचा रोष होताच. आता राष्ट्रवाद्यांचाही पत्करावा लागला. स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला आणि मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. ठरावाच्या विरोधात मत देणाऱ्यांपैकी किती जणांचे खाजगी मत वेगळे होते, हे सांगता येत नाही.

कर्वे यांच्या स्वभावातील दोषांकडेही दुर्लक्ष होऊ नये. विरोधकाचा हेतू शुद्ध असू शकतो, हे मान्य करण्याची त्यांची तयारी कमी असे. सौम्यतेला ते सरसकट ढोंग समजत. आजच्या स्त्रीवादी वाचकास मुखपृष्ठावरील स्त्रीदेह निरुपद्रवी वाटणार नाही, आणि वेश्याव्यवसायाकडे इतर व्यवसायांसारखा एक व्यवसाय म्हणून पाहण्याच्या भूमिकेत त्या स्त्रियांवरील सक्तीचा विचार पुरेसा झाला का, असा प्रश्नही उभा राहील. हे आक्षेप वाजवी आहेत. मात्र ते घेता येण्यासाठी मूळ मजकूर समोर असावा लागतो. कर्वे यांचे मरणोत्तर भाग्य असे की त्यांचे संमत विचार तेवढे पुढे आणले गेले. 'ध्यासपर्व' हा २००१ चा चित्रपट आणि 'समाजस्वास्थ्य' हे २०१७ चे नाटक यांनी त्यांची ओळख नव्या पिढीस करून दिली. पण सार्वजनिक स्मरणात राहिले ते कुटुंबनियोजनाचे द्रष्टे कर्वे. विवाहसंस्था, नग्नता, परस्परसंमतीचे संबंध यांवरील त्यांची मते आजही सत्कारसमारंभात उच्चारली जात नाहीत. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम स्वीकारला तोही लोकसंख्येच्या आणि राष्ट्राच्या भाषेत. स्त्रीच्या सुखाची भाषा त्यात नव्हती.

मालतीबाई १९४४ मध्ये वारल्या. केंद्राचे काम आणि त्यातून आलेली विपन्नता या दोहोंत त्यांचा वाटा पतीइतकाच होता, परंतु चरित्रलेखनात तो अजून नीट नोंदला गेलेला नाही. त्यांच्यामागे कर्वे यांनी मासिक एकाकी चालवले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले आणि नोव्हेंबरचा अंक 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा ठरला. धोंडो केशव तेव्हा हयात होते. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. मुलाच्या मृत्यूनंतर ते नऊ वर्षे जगले.