ब्रूस मॅक्लारेन: शर्यतीत नाही, टेस्टिंगमध्ये गेलेला इंजिनिअर

माझा एक चुलतभाऊ नसरापूर-वेल्हे रस्त्यावर जीप चालवतो. दरवर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, तो ब्रेक लायनर बदलतो, वायपर बदलतो आणि मग एक दिवस धंदा बंद ठेवून रिकामी गाडी पाबे घाटात नेतो. चढवतो, उतरवतो, पुन्हा चढवतो. लहानपणी मला वाटायचं, डिझेल जाळायची हौस आहे याला. त्याचा हिशोब साधा आहे. जे बिघडायचं ते मे महिन्यात, कोरड्या रस्त्यावर आणि गाडीत प्रवासी नसताना बिघडलेलं बरं. जुलैत, धुक्यात, मागे दहा माणसं बसलेली असताना नको.

फॉर्म्युला वनवाले सीझन सुरू होण्याआधी जे करतात ते याहून फार वेगळं नाही. पैसा आणि सेन्सर जास्त, एवढंच. आज त्यांना गाडी पळवायला मिळते तीही मोजून-मापून. 2009 पासून सीझन चालू असतानाच्या टेस्टिंगवर जवळजवळ बंदीच आली आणि 2025 च्या सीझनआधी सगळ्या टीम्सना मिळून बहरीनमध्ये फक्त 3 दिवस मिळाले. त्याच वर्षी दोन्ही विजेतेपदं जिंकणाऱ्या टीमचं नाव मॅक्लारेन. हे आडनाव ज्याचं, तो माणूस 1970 मध्ये गेला. तो गेला टेस्टिंग करताना, एका रिकाम्या ट्रॅकवर. आणि गंमत अशी (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही) की टेस्टिंग ही नुसती तपासणी नसून शोध लावायची जागा आहे, हे मोटर रेसिंगला शिकवणाऱ्यांत तो सगळ्यात पुढे होता.

खाटेवरची दोन वर्षं

ब्रूसचा जन्म 30 ऑगस्ट 1937 चा, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा. वडिलांचं पेट्रोल पंप आणि गॅरेज होतं, त्यामुळे खेळणी म्हणजे स्पॅनर. नऊ वर्षांचा असताना त्याला पर्थेस नावाचा आजार झाला. यात मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्तपुरवठा नीट होत नाही आणि हाड झिजतं. त्या काळी उपाय एकच, पायाला वजनं बांधून पडून राहायचं. जवळपास दोन वर्षं तो मुलांच्या रुग्णालयात चाकाच्या खाटेवर होता. त्या खाटांच्याही शर्यती लावायचा म्हणतात. बाहेर आला तेव्हा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड झाला होता, आणि तो जन्मभर थोडा लंगडतच चालला.

वडिलांनी एक जुनी ऑस्टिन 7 अल्स्टर घेतली, तीही सुट्या भागांच्या रूपात. बापलेकांनी ती जोडली. चौदा-पंधराव्या वर्षी ब्रूस ती घेऊन मुरिवाईच्या घाटचढणीच्या शर्यतीत उतरला. घाटचढणी म्हणजे वरंध घाटाचा एक तुकडा बंद करायचा, एकेक गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं, तसलाच प्रकार.

पुढे तो ऑकलंडला इंजिनिअरिंग शिकायला लागला. डिग्री पूर्ण झाली नाही. 1958 मध्ये होतकरू ड्रायव्हरला युरोपला पाठवणारी एक नवी शिष्यवृत्ती सुरू झाली, तिचा पहिला मानकरी तोच. (चार वर्षं काढून डिग्री घेतलेल्या आमच्यासारख्यांनी इथे गप्प बसावं.) इंग्लंडमध्ये कूपर टीमला जॅक ब्रॅबहॅमच्या हाताखाली तो रुजू झाला. 12 डिसेंबर 1959 ला अमेरिकेत सेब्रिंगला शेवटच्या लॅपमध्ये ब्रॅबहॅमचं पेट्रोल संपलं आणि मागून आलेला ब्रूस जिंकला. वय 22 वर्षं 104 दिवस. इंडियानापोलिस 500 सोडली, तर सगळ्यात तरुण ग्रां प्री विजेत्याचा हा विक्रम 2003 मध्ये अलोन्सोने मोडेपर्यंत टिकला.

ड्रायव्हर म्हणून तो उत्तम होता, पण जिम क्लार्कच्या पंगतीतला नव्हता. माझ्या मते त्याची खरी ताकद वेगळीच होती. गाडी चालवताना तिच्यात काय चाललंय हे त्याला कळायचं, आणि खाली उतरल्यावर ते मेकॅनिकला समजेल असं सांगता यायचं. ज्यांनी कधी युजरकडून नुसता ‘ॲप चालत नाही’ एवढाच बग रिपोर्ट घेतलाय, त्यांना या गुणाची किंमत माहीत आहे.

झाकण फडफडलं

1963 मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. सुरुवातीचं वर्कशॉप म्हणजे लंडनजवळ न्यू माल्डनमधली एक मातीच्या जमिनीची शेड, बाजूला रस्ते सपाट करायचं यंत्र उभं. पैसे कुठून आणायचे? एक मोठी वाट होती टायर टेस्टिंगची. फायरस्टोनसारख्या कंपन्यांना नवनवे टायर तासन्तास पळवून नेमकं सांगणारा माणूस हवा असायचा, आणि ब्रूस त्यात तरबेज होता. फोर्डनेही जीटी40 सुधारायला त्याला घेतलं.

टेस्टिंग म्हणजे काय, हे समजायला त्याच्याबद्दल सांगितला जाणारा एक प्रसंग पुरेसा आहे. एका सुरुवातीच्या मॅक्लारेन गाडीची टेस्ट चालू होती आणि वेळ काही केल्या कमी होत नव्हती. पळवताना ब्रूसच्या लक्षात आलं की पुढच्या पत्र्यावरचं पेट्रोलच्या टाकीचं झाकण फडफडतंय. तेव्हाची समजूत अशी की वेग वाढला की समोरची हवा त्या भागाला खाली दाबते. म्हणजे झाकण घट्ट बसायला हवं होतं. इथे उलट, वेग वाढेल तसं ते जास्त उडत होतं.

आपल्याकडे हे कळायला ट्रॅकवर जावं लागत नाही. वळवाचा वारा सुटला की भोर-वेल्ह्यात गोठ्यावरचे पत्रे उडतात, म्हणून लोक त्यांच्यावर दगड ठेवतात. पत्रा वाऱ्याने खाली दाबला जात नाही, वर उचलला जातो. उतारावरून वर चढणारी हवा माथ्यापाशी वेगाने सरकते, वेगाने सरकणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, आणि पत्र्याखालची हवा मात्र जवळजवळ स्थिर असल्याने तिचा दाब जास्त राहतो. हा फरक पत्र्याला वर ढकलतो. गाडीच्या नाकावर नेमकं हेच होत होतं. वर कमी दाब आणि खाली, रेडिएटरमधून आत आलेल्या हवेला बाहेर पडायला नीट वाट नाही, म्हणून जास्त दाब.

ब्रूस पिटमध्ये आला, पत्रा कापायची कात्री घेतली आणि रेडिएटरच्या मागचा पत्रा कापून काढला. तुंबलेली हवा वरून निसटायला लागली आणि गाडी लगेच जास्त वेगाने लॅप मारायला लागली. या भोकांना नाकपुड्या म्हणतात, आणि पुढच्या कितीतरी मॅक्लारेन गाड्यांवर त्या दिसतात. डिझाइनच्या मीटिंगमध्ये नव्हे, तर टेस्ट करताना अपेक्षेविरुद्ध हललेल्या एका झाकणामुळे हे सापडलं.

1966 मध्ये टीमची पहिली फॉर्म्युला वन गाडी आली. रॉबिन हर्ड या विमानसंशोधनातून आलेल्या इंजिनिअरने तिचा सांगाडा मॅलाइटचा केला होता. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये बाल्सा लाकूड, म्हणजे हलकं आणि ताठ. कल्पना भारी, पण इंजिन रडवत राहिलं. त्याच वर्षी जूनमध्ये ख्रिस ॲमनबरोबर ब्रूसने फोर्डच्या जीटी40 मधून ल माँची 24 तासांची शर्यत जिंकली. या विजयामागेही टेस्टिंगच होतं. फोर्डने इंजिन डायनोवर बसवून ल माँच्या लॅपमधलं थ्रॉटल आणि गिअर बदलणं मशीनकडून तासन्तास करवून घेतलं होतं. आज आपण रात्री बिल्ड सर्व्हरवर टेस्ट लावून घरी जातो, त्याचाच हा आजोबा म्हणा ना. तरी शर्यतीत टायरांनी धोका दिलाच. ब्रूसच्या फायरस्टोनचे तुकडे उडायला लागले आणि मध्येच गुडइयर लावावे लागले.

3,200 किलोमीटर, शर्यतीच्या आधी

कॅन-ॲम ही अमेरिका-कॅनडातली मालिका इंजिनिअरांचं नंदनवन होती. नियम जवळपास नाहीत. हवं तेवढं मोठं इंजिन लावा, हवे तसे पंख लावा. बक्षिसाची रक्कमही दांडगी. 1966 मध्ये मॅक्लारेनला तिथे एकही शर्यत जिंकता आली नाही.

1967 साठी त्यांनी वेगळं काय केलं? गाडी लवकर तयार केली. एम6ए जूनमध्ये धावायला लागली आणि पहिली शर्यत होती सप्टेंबरमध्ये. मधल्या काळात, बहुतेक इंग्लंडमधल्या गुडवूड ट्रॅकवर, तिने सुमारे 3,200 किलोमीटर टेस्टिंग केलं. भोरहून कन्याकुमारीला जाऊन जवळपास परत यावं इतकं, आणि तेही 4 किलोमीटरहून लहान असलेल्या एका वर्तुळात फिरत. काय तपासत होते? स्प्रिंगा, टायर, इंधनाची सिस्टीम, तापमान, आणि एकावेळी एकच बदल करून घड्याळात काय फरक पडतो ते. इतर बऱ्याच टीम्स आपली गाडी पहिल्या शर्यतीच्या आठवड्यात जोडून संपवायच्या. म्हणजे प्रॉडक्शनमध्येच टेस्टिंग.

निकाल सांगायलाच नको, तरी सांगतो. 6 पैकी 5 शर्यती मॅक्लारेनने जिंकल्या आणि ब्रूस चॅम्पियन झाला. 1968 मध्ये त्याचा न्यूझीलंडचाच सहकारी डेनी हल्म चॅम्पियन, आणि त्याच वर्षी बेल्जियममध्ये ब्रूसने स्वतःच्या नावाच्या गाडीतून ग्रां प्री जिंकली. 1969 च्या कॅन-ॲममध्ये 11 पैकी 11, ब्रूस 6 आणि हल्म 5. पिकलेल्या पपईच्या रंगाच्या त्या गाड्या पुढे निघाल्या की बाकीचे तिसऱ्या नंबरासाठी भांडायचे.

2 जून 1970

1969 च्या गाडीवर उंच खांबांवर बसवलेला मोठा पंख होता. विमानाचा पंख उलटा केला की तो वर उचलण्याऐवजी खाली दाबतो, चाकं रस्त्याला चिकटतात आणि वळणावर वेग ठेवता येतो. हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 90 ला जेवढा असतो त्याच्या नऊपट ताशी 270 ला. म्हणजे जास्त वेगात गाडी रस्त्यावर राहते ती बऱ्याच अंशी या दाबामुळे.

1970 ला उंच पंखांवर बंदी आली. म्हणून नव्या एम8डीमध्ये मागच्या बॉडीवर्कच्या दोन कडांना उभे पडदे आणि त्यांच्यामध्ये खाली बसवलेला पंख, अशी रचना केली. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मागचं बॉडीवर्क आता इंजिन झाकणारं नुसतं कव्हर राहिलं नव्हतं. गाडीला जमिनीला धरून ठेवणारा मोठा दाब त्याच्यातूनच येत होता.

मे महिन्यात इंडियानापोलिसला सरावात हल्मच्या गाडीचं इंधनाचं झाकण उघडलं आणि मेथेनॉलने पेट घेतला. मेथेनॉलची ज्योत उजेडात दिसत नाही. त्याचे हात भाजले. कॅन-ॲमची पहिली शर्यत 14 जूनला होती.

2 जूनला मंगळवारी ब्रूस एम8डी घेऊन गुडवूडला गेला. या ट्रॅकवर 1966 पासून शर्यती होत नव्हत्या. गाड्यांचे वेग वाढले आणि ट्रॅक तेवढा सुरक्षित करायचा नाही असं ठरलं, म्हणून शर्यती थांबवल्या. टेस्टिंग मात्र चालू राहिलं. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. शर्यतीसाठी धोक्याचा ठरलेला ट्रॅक टेस्टिंगला चालतो, यामागचं गृहीतक असं की टेस्टमध्ये काही होत नाही.

सकाळभर तो लॅप मारत होता, पिटमध्ये येऊन छोटे बदल करून घेत होता. दुपारी बाराच्या पुढे लॅव्हंट स्ट्रेटवर, ताशी 270 च्या आसपास वेग असताना, मागचं बॉडीवर्क सुटून उचललं गेलं. गोठ्याच्या पत्र्यासारखंच. पण गोठा जागेवर उभा असतो. इथे मागच्या चाकांवरचा दाब एका क्षणात गेला, गाडी गरगरली, ट्रॅकबाहेर गेली आणि शर्यतींच्या काळात झेंडेवाल्यांसाठी बांधलेल्या, आता कुणीच नसलेल्या पक्क्या चौकीवर आदळली. ब्रूस जागीच गेला. वय 32. मागे बायको पॅटी आणि चार वर्षांची मुलगी अमांडा.

झाकण फडफडतंय हे पाहून ज्याने वेग शोधला, त्याला दुसऱ्या झाकणाने पाहायला वेळच दिला नाही. ते त्याच्या पाठीमागे होतं.

टीम बंद पडेल असं अनेकांना वाटलं. बारा दिवसांनी कॅनडात मॉसपोर्टला दोन पपई रंगाच्या गाड्या उभ्या होत्या. ब्रूसच्या जागी अमेरिकन डॅन गर्नी, आणि दुसऱ्या गाडीत भाजलेल्या हातांचा हल्म. गर्नी जिंकला, हल्म तिसरा आला. त्या वर्षी 10 पैकी 9 शर्यती टीमने जिंकल्या आणि हल्म चॅम्पियन झाला, त्याच एम8डीमधून.

बापलेकांनी जोडलेली ती ऑस्टिन 7 अजून आहे. इंग्लंडमध्ये वोकिंगला मॅक्लारेनच्या मुख्यालयात, जिंकलेल्या गाड्यांच्या रांगेत ती ठेवलेली आहे.